दगडावर लाकडाची पावलं

१

खजिना चोरीला गेला होता, आणि तोही कोणी डोळ्यांनी पाहण्याआधीच.

खजिना तसा खोटाच म्हणा, गेममधला. एक बहीण आपल्या हरवलेल्या थोरल्या भावाच्या शोधात डोंगराच्या पोटात उतरते. भाऊ एका बुडालेल्या राज्याचं सोनं शोधायला गेलेला आणि परत न आलेला. त्यानं भिंतींवर काढलेल्या खडूच्या खुणा बघत ती झुलते पूल ओलांडते, पाण्यानं भरलेल्या बोगद्यांतून पोहत जाते, मागावर असलेल्या लुटारूंना चकवते आणि शेवटच्या दाराशी पोचते. दारापलीकडे खाली उतरणारा जिना आणि जिन्याच्या तळाशी खजिन्याची खोली, असं ठरलं होतं. त्या सकाळी दार उघडलं तर जिना नव्हता आणि खोलीही नव्हती. होती ती एक सपाट दगडी फरशी.

खोलीत काय ठेवलं आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आता नव्हता.

स्टुडिओ दोन भावांचा. थोरले गोष्टी लिहायचे, धाकटे बाकीचा सगळा व्याप सांभाळायचे. शेवटची खोली थोरल्यांनी कोणाला दाखवली नाही. स्वतःच सजवली, गेममध्ये ठेवून दिली आणि दुसऱ्याच दिवशी तळघरातल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ते गेले. त्या खोलीचं दार असं जाड, की आतला आवाज बाहेर येत नाही आणि बाहेरचा आत जात नाही. संध्याकाळी छातीत कळ आली तेव्हा ते आत एकटेच होते. सकाळी कानसेननं दार उघडलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्यानंतर स्टुडिओ काही दिवस बंद राहिला, आणि पुन्हा उघडला तेव्हा खजिना गायब.

खजिना गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत सगळे मान खाली घालून बसले होते. भिंतीवर त्यांच्या पहिल्या गेमचं पोस्टर होतं, होडीत बसलेला एक टोपीवाला. तो सबंध गेममध्ये होडीतून उतरतच नाही. चालणारा माणूस करायला तेव्हा जमत नव्हतं म्हणून त्याला बसवूनच ठेवला, असं थोरले हसत हसत सांगायचे. गोष्ट त्यांची होती, पण नदी, पूल, धक्के सगळं धाकट्यांनी एकहाती बांधलं होतं.

गेम विकायला घेतलेल्या कंपनीच्या बाई खुर्चीत न बसता बोलत होत्या. त्यांचं बोट सरळ कानसेनकडे होतं. कानसेन म्हणजे आवाजाचं काम बघणारा, थोरल्यांचा शाळेपासूनचा मित्र. गेम तयार होत असताना सगळ्या पात्रांची वाक्यं थोरले स्वतःच बोलून ठेवायचे. तो कच्चा आवाज. नंतर नटांचे आवाज आले की कच्चा पुसायचा, ही रीतच. थोरले गेल्यावर बाईंनी कच्चा आवाज पुसायला सांगितला तेव्हा कानसेननं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की माझ्या हातानं मी हे करणार नाही. आता बाई म्हणत होत्या, की ज्याला पुसायचं नव्हतं त्यानंच खोली पळवली. शुक्रवारपर्यंत ती परत आली नाही तर कानसेनला घरी बसावं लागेल, आणि पोलिसांत तक्रार होईल ती वेगळी.

कानसेन धाकट्यांकडे बघत राहिला. धाकटे टेबलाची कड नखानं खरवडत होते. तेवढ्यात ड्रॉवरमध्ये त्यांचा फोन वाजला. ते दचकले, ड्रॉवरकडे बघत राहिले, आणि फोन वाजून वाजून थांबेपर्यंत त्यांनी हात पुढे केला नाही.

गेम पुरा झाला आहे अशी शेवटची खात्री द्यायचं काम धडकचं होतं, म्हणून बाईंनी शोधाचं कामही तिच्याच गळ्यात घातलं. धडक म्हणजे गेमची परीक्षक. दिवसभर हेडफोन लावून गेममधल्या भिंतींना धडका मारायच्या, कुठे फट राहिली आहे का ते बघायचं, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. तिचा नवराही तिला याच नावानं हाक मारायचा, आणि त्याला त्याची वेगळी कारणं होती.

बाहेर पडताना गवंडीणबाईनं तिची बाही धरली. ही गेममधल्या गुहा आणि खोल्या बांधणारी मुलगी, एरवी कोणाच्या बापाला न भिणारी.

"ताई, त्या गुहेत एकटी जाऊ नकोस," ती म्हणाली. "तिथे थोरले बोलतात."

२

धडकनं तिला खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं नीट सांगायला लावलं.

गवंडीणबाईला आवाज दोनदा आला होता. गुहेच्या मधोमध उभं राहिलं की येतो, खूप बारीक, शब्द कळत नाहीत. पण आवाज त्यांचाच. पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंच डोकं फिरलं. दुसऱ्यांदा तिनं हेडफोन भिरकावून दिले आणि घरी जाऊन आईला लाइट बंद करू दिला नाही.

धडकनं विचारलं, की तू बांधणारी, तुला तर डोंगर बाहेरून, आतून, वरून, खालून दिसतो. खोली कुठे गेली ते तुला दिसत नाही का? त्यावर गवंडीणबाईनं मान हलवली. खोलीचा रिकामा सांगाडा तिनंच करून दिला होता. आतलं थोरल्यांनी मांडलं. आता तिच्या नकाशात त्या जागी फक्त एक मोठा दगडी ठोकळा दिसत होता, भरीव.

"तो तू ठेवलास?"

"नाही गं. मला वाटलं थोरल्यांनीच ठेवला असेल, शेवटी काहीतरी बदलून."

थोरल्यांनी आयुष्यात गेममध्ये एक वीटही बांधली नव्हती. सजवणं वेगळं, बांधणं वेगळं. साधा खांब उभा करायचा तरी ते गवंडीणबाईला हाक मारायचे. धडकच्या मनात पाल चुकचुकली. चहाचे पैसे देऊन ती वर आली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

३

दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन येत होतं, शेजारी कोणीतरी कागद फाडत होतं. तरी हेडफोन कानावर चढवल्यावर धडकला एकदम एकटं वाटायला लागलं. थोरले तिला रोज सकाळी विचारायचे, आज किती भिंती पाडल्यास म्हणून. आता त्यांच्या गुहेत ती एकटी चालली होती.

पडद्यावरच्या बहिणीला तिनं शेवटच्या दारातून आत नेलं. मशालीच्या उजेडात दगडी फरशी पसरली होती. धडकनं सवयीप्रमाणे आधी चारी भिंतींना धडका दिल्या. एकही फट नव्हती. मग ती फरशी बघू लागली. एका कडेला दगडात एक गंजकं लोखंडी कडं बसवलेलं होतं. डोंगराच्या पोटात हे कडं कशाला, असं तिच्या मनात आलं आणि ती पुढे सरकली.

मधोमध पोचल्यावर तो आला.

खरंच आला. जाड भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसा, दबलेला, थांबून थांबून. शब्द एकही कळत नव्हता, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज जरा वर चढत होता. थोरले प्रश्न विचारताना असेच बोलायचे. गेलेला माणूस काहीतरी विचारत होता आणि त्याला उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हतं.

पळून जावंसं वाटत होतं, पण पळाली तर ती धडक कसली. तिनं बहिणीला फरशीवर इकडून तिकडे चालवायला सुरुवात केली, आवाज कुठे मोठा होतो आणि कुठे लहान ते बघायला. तीनचार फेऱ्या झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला खटकतंय ते बोलणं नाहीच, चालणं आहे.

तिनं बहिणीला गुहेबाहेर नेलं. पावलं दगडावर वाजली, टक टक. पुन्हा आत आणलं. फरशी दगडाचीच, पण पावलं वाजत होती पोकळ, धप धप.

बहीण दगडावर चालत होती आणि आवाज लाकडाचा येत होता.

४

धडक कानसेनकडे गेली तेव्हा तो तळघराच्या पायरीवर बसला होता. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला कुलूप होतं. त्या सकाळनंतर तो आत गेला नव्हता, आणि शेवटच्या गुहेचा आवाज तर त्यानं एकदाही ऐकला नव्हता.

"मी चोरी केली असं वहिनींनाही वाटतं," तो म्हणाला. "काल मला बघून त्यांनी रस्ता बदलला. नोकरी गेली तर दुसरी मिळेल गं. पण त्यांच्या मनातून मी चोर म्हणून उतरलो, तर मी कोणाला तोंड दाखवू?"

धडकनं त्याला एवढंच विचारलं, की गेममध्ये पावलांचा आवाज ठरतो कसा. कामाचं विचारल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला. दगड दिसतो म्हणून दगडासारखा वाजत नाही, त्यानं सांगितलं. प्रत्येक फरशीला तिचा आवाज नेमून द्यावा लागतो. द्यायचा राहिला, तर गेम त्या फरशीच्या खाली जे काही असेल त्याचा आवाज वाजवतो. पण असं कधी राहत नाही. गवंडीणबाई तर झोपेतसुद्धा विसरणार नाही, कारण पहिल्या महिन्यात ती एकदा विसरली होती आणि गेममधलं राजाचं भूत चिखलात चालल्यासारखं वाजलं होतं; त्यावरून तिची इतकी थट्टा झाली, की तेव्हापासून ती आधी आवाज नेमते आणि मग दगड ठेवते.

तिथून धडक वहिनींकडे गेली. थोरल्यांची बायको, पण सगळ्या स्टुडिओची वहिनी. त्यांनी तिला आत घेतलं, समोर बसवलं, आणि तिनं काही विचारायच्या आधी स्वतःच बोलायला लागल्या. कानसेनचं नाव त्यांना ऐकायचंही नव्हतं. खोलीत यांचं शेवटचं काम होतं, आणि ते या माणसानं आपल्यापाशी दडवून ठेवलं, असं त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी कपाटातून थोरल्यांचा फोन काढला आणि मांडीवर ठेवला.

"हा त्यांच्या हातात होता. चार्ज संपलेला. उघडायचा कसा ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू, धीरही होत नाही. मला तर फोन आला नव्हता. मग त्यांनी हाक मारली तरी कोणाला? की कोणालाच नाही?" त्यांनी फोन पालथा ठेवला. "एवढं कळलं ना, तरी मी झोपेन."

मग वहिनी दोघा भावांच्या लहानपणाचं सांगत बसल्या. हे दोघं खजिना शोधायचा खेळ खेळत होते, तेव्हा थोरले एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरले आणि वरचं झाकण पडलं. सगळं घर धुंडाळत होतं. धाकट्यालाच तेवढी हाक ऐकू गेली. वहिनी म्हणाल्या, की ही गोष्ट थोरले येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, याला माझी हाक ऐकू आली की हा येतोच. शेवटचे काही आठवडे मात्र दोघांत बोलणं नव्हतं. गेमचा शेवट बदल, मोठी मारामारी घाल, असं धाकट्यांचं म्हणणं. आणि थोरले अडून बसलेले.

निघताना धडक दारात थांबली. तिला ते गंजकं कडं आठवलं. तसलं कडं तिनं रोज पाहिलं होतं, आणि कुठे तेही तिच्या ध्यानात आलं.

५

गवंडीणबाईला तिनं एकच प्रश्न विचारला. थोरल्यांच्या त्या खोलीला जमीन कशाची होती?

"फळ्यांची," गवंडीणबाई म्हणाली. "जुन्या खाणीत असतात तशा. का गं?" आणि मग तिलाच उमगलं.

ठोकळा भरीव नव्हता. खोली कुठे गेलीच नव्हती. कोणीतरी ती अख्खी ठोकळ्यात कोंबून, वरून दगड चढवून जागच्या जागी ठेवली होती. थोरले बोलत होते ते बहिणीच्या पायाखालून. खोलीजवळ कोणी आलं की तिथला आवाज आपोआप सुरू होत होता आणि दगडातून झिरपत होता.

गवंडीणबाईनं ठोकळ्याला एक भोक पाडून दिलं, पण आत यायला ती तयार नव्हती. धडक एकटीच उतरली.

खोलीत सोनं होतं, पेट्यांच्या पेट्या. त्यांच्यामध्ये, डोंगराच्या माथ्यापर्यंत गेलेल्या एका अरुंद भोकाखाली भावाची टोपी पडलेली होती आणि खडूचा तुकडा. भाऊ खजिन्यापर्यंत पोचला होता आणि मागचं दार लागलं होतं. त्या भोकातून तो वर हाका मारत राहिला. वर बहीण होती. तिला वाटलं, वारा आहे. एवढीच थोरल्यांची गोष्ट. हाका त्यांच्या कच्च्या आवाजात होत्या, आता दगड आड नसल्यानं शब्द न शब्द स्पष्ट.

धडकनं शेवटपर्यंत ऐकलं. वाक्य संपलं तरी थांबायचं, काही उरलंय का बघायचं, ही तिच्या कामाची सवय. तिनं हेडफोन काढले. मग तोंड धुतलं आणि धाकट्यांच्या केबिनकडे गेली.

६

"खोली सापडली," ती म्हणाली.

धाकट्यांनी मान वर केली. कुठे, असं त्यांनी विचारलं नाही. तिनं दार लावून घेतलं.

"कानसेननं हे केलं असतं तर पावलं चुकली नसती आणि आवाजही झिरपला नसता. गवंडीणबाईनं केलं असतं तर दगडाला दगडाचा आवाज असता. वहिनींना बांधता येत नाही. ज्यानं केलं त्याला बांधता येतं, पण पावलांचं भान नाही. तुम्ही बांधायचात तेव्हा पावलंच नव्हती, माणूस होडीत बसलेला होता. दगडही तुम्ही त्याच पहिल्या गेममधला घेतलात, पोस्टरवर रोज दिसतो तो. होडी बांधायचा धक्का. कडं काढायचं राहिलं."

त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, की पुसून टाकायला बसलो होतो, हात धजला नाही.

"कानसेन जाणार होता. तुम्ही गप्प बसलात."

"हो."

"का?"

धाकटे ड्रॉवरकडे बघू लागले. "ऐकलंस ना त्यात काय आहे? तो खालून हाका मारतोय. तो गेल्यावर मी पहिल्यांदा ती खोली उघडली, आणि तो हाका मारत होता. मला वाटलं, हे माझ्यासाठीच ठेवून गेलाय."

"त्यांनी ते आदल्या दिवशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी काय होणार हे त्यांना कुठून कळणार?"

"माहितेय मला. मला सगळं माहितेय."

"शेवटपर्यंत ऐकलंत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. धडकनं लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि हेडफोन पुढे केले. ते घेतील असं तिला वाटलं नव्हतं. त्यांनी घेतले, पण कानाला लावले नाहीत, टेबलावर ठेवले. तिनं आवाज मोठा केला.

पडद्यावर बहीण फळ्यांवर उभी होती. केबिनमध्ये थोरले बोलू लागले.

"आहेस का गं वर? मी खाली आहे. दार लागलंय." थोडं थांबून, "आहेस का?" आणि पुन्हा, "अगं, आहेस का?"

मग नुसती शांतता. धाकट्यांचा हात लॅपटॉप बंद करायला पुढे आला. धडकनं तो धरला.

"थांबा," ती म्हणाली.

शांतता लांबली. कोणालाही वाटलं असतं, की संपलं. आणि मग तोच आवाज, आता हाक मारणारा नाही, स्वतःशी बोलणारा.

"ऐकू नसेल गेलं तिला. वारा असेल वर. ऐकू गेलं असतं तर आली असती. ती येतेच." एक सुस्कारा. "असू दे. बसतो जरा."

धडकला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना सुटल्यासारखं होईल. तेवढ्यासाठीच तिनं ते ऐकवलं होतं. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आपली केवढी चूक झाली ते तिला कळलं.

"मला ऐकू आलं होतं," धाकटे म्हणाले.

ते ह्याच खुर्चीत बसले होते त्या संध्याकाळी. फोन वाजला, वर भावाचं नाव दिसलं. भांडायलाच करतोय असं वाटलं, म्हणून फोन ड्रॉवरमध्ये टाकला. तो परत वाजला. ड्रॉवर लावून घेतला. तळघर इथून दोन जिने खाली. हे सगळं त्यांनी सपाट आवाजात सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाचं सांगत होते. तो दोनदा वाजला, हे मात्र त्यांनी परत परत सांगितलं.

धडकनं लॅपटॉप मिटला आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

धाकट्यांनी ड्रॉवर उघडला, फोन बाहेर काढला आणि नंबर लावला. पलीकडे वहिनींनी उचलला.

"वहिनी, कानसेननं काही घेतलेलं नाही. खोली मी दडवली. बाईंनाही सांगतो मी आता." मग ते थांबले. धडक उठून जायला निघाली, तशी त्यांनी हातानं तिला बस म्हणून खूण केली. "आणि वहिनी, त्यांनी कोणाला हाक मारली, असं तुम्ही सगळ्यांना विचारत होतात ना? मारली होती. मला."

पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. तरी त्यांनी फोन कानापासून काढला नाही.